टाकेकाकूंनी ओळखलेली मूठ

टाकेकाकू माणसाकडे नंतर बघायच्या, आधी त्याच्या बॅगेकडे. दुकानाच्या दारात कुणी उभं राहिलं की त्यांची नजर सरळ खांद्यावरच्या पट्ट्यावर जायची, तिथून शिवणीवर, शिवणीवरून बक्कलावर, आणि सवड मिळालीच तर चेहऱ्यावर. त्यामुळे रस्त्यात भेटलेल्या गिऱ्हाइकांना त्या ओळख न दाखवता पुढे जात आणि चार पावलांवर थांबून म्हणत, "अगंबाई, ती तपकिरी, कडी तुटलेली, तू ना?" बायका रागावत नसत. आपली नाही तरी आपल्या बॅगेची कुणाला तरी आठवण आहे, यातही एक समाधान असतं.

दुकानाच्या एका बाजूला लाँड्री होती, दुसऱ्या बाजूला किल्ल्या करून देणारा, आणि मधल्या फटीत काकूंची पर्स-बॅगा दुरुस्तीची जागा. दोन गिऱ्हाइकं एकदम आली तर दुसऱ्याला आत घेण्यासाठी पहिल्याला बाहेर जावं लागे. खिडकीपाशी बुटकं स्टूल, त्यावर काकू, आणि त्यांच्या गुडघ्यांमध्ये धरलेला लाकडी चिमटा. त्या चिमट्यात कातडं अडकवायचं, आरीने भोक पाडायचं आणि एकाच मेणवलेल्या दोऱ्याच्या दोन टोकांना ओवलेल्या दोन सुया त्या एका भोकातून समोरासमोर काढायच्या. मशीनची शिवण एका जागी तुटली की उसवतच जाते. हा टाका तुटला तरी शेजारचा जागचा हलत नाही. म्हणून तर गल्लीने त्यांना टाकेकाकू हे नाव बहाल केलं होतं.

हे काम त्यांना सासऱ्यांनी शिकवलं. सासरे बोलायला भारी महाग. सून डावखुरी आहे हे पाहून त्यांनी नुसतं कपाळावर हात मारून घेतला, कारण डावऱ्या हाताचा टाका उलट्या बाजूला झुकतो. मग पहिलं वर्षभर त्यांनी तिला रद्दी कातड्यावर फक्त टाका सुलट झुकवायला बसवलं. चांगल्या दुरुस्तीची त्यांची व्याख्या एकच होती. कुठे केली ते खुद्द मालकालाही सापडता कामा नये. काकूंनी ती इतकी मनावर घेतली की पुढची छत्तीस वर्षं त्यांनी आपल्या कामातून आपला मागमूस पुसण्यात घालवली.

याची त्यांना खंत होती का? होती, आणि चांगली भरपूर होती. बॅग न्यायला आलेली बाई ती उलटीसुलटी करून म्हणायची, "कमाल आहे, काही कळतच नाही." आनंदाने निघायची, आणि गल्लीच्या टोकाला पोहोचेपर्यंत काकूंना साफ विसरलेली असायची. शिंप्याचं कौतुक होतं, सोनाराचं होतं, अगदी शेजारच्या किल्लीवाल्याला लोक थँक्यू म्हणून हात मिळवायचे. आपल्यालाही कुणीतरी चारचौघांत म्हणावं, की हे काम हिचं, असं काकूंना फार वाटे. वाटतं हे कबूल करायची त्यांना तितकीच लाज वाटे.

त्यांची सून सार्वजनिक वाचनालयात नोकरीला होती. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या सभागृहात जुन्या बॅगा जमवणाऱ्यांच्या मंडळाचा दरवर्षी मेळावा भरायचा. नामांकित कंपन्यांच्या चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या बॅगा ही मंडळी जिवापाड जपत, आणि कंपन्यांना 'घराणी' म्हणत. यंदा त्यांचे परीक्षक मुलीकडे परदेशी राहायला गेले, आणि मंडळ अडलं. सूनबाईने टेबलावर पुस्तकं रचता रचता सासूचं नाव सुचवलं.

आमंत्रण आलं ते जाड कागदाच्या पाकिटातून. काकूंनी ते आधी उलटं करून पाकीट कसं चिकटवलंय ते पाहिलं.

"आई, वाचा ना," सून म्हणाली.

"तूच वाच. माझा चष्मा कामाचा आहे, वाचायचा नाही."

सुनेने वाचलं. काकूंनी बॅगांच्या नावाजलेल्या घाटांची तुलना करून सांगायची, नव्याने जमवायला लागलेल्यांना चार गोष्टी कळतील अशी. मग स्पर्धेचा निकाल द्यायचा. शेवटच्या फेरीत एकाच घाटाच्या दोन बॅगा असतील. त्यांतली जी घराण्यातून बाहेर पडल्यावर कधीही उसवलेली नाही, जिला कुणाचाही हात लागलेला नाही, तिला मानाची फीत. आणि हे सगळं नीट पार पडलं तर परीक्षकाची खुर्ची कायमची काकूंची, दरवर्षीच्या पत्रिकेवर नावासकट.

 काकूंनी हातातला दोरा मेणात तीनदा घोळवला, जो आधीच मेणवलेला होता.

काकूंचे यजमान पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक होते. निवृत्त झाल्यापासून बुडणारं दुसरं कुणी नसल्याने ते बायकोवर लक्ष ठेवून असत. "काय गं, श्वास घे," ते कोपऱ्यातल्या खुर्चीवरून म्हणाले. "जायचंय ना तुला?"

"मला कशाला जायचंय? मोठ्या लोकांचं काम ते."

"म्हणजे जायचंय," यजमान सुनेला म्हणाले. "कळव त्यांना."

पुढचे पंधरा दिवस घरात दुसरा विषय नव्हता. काकू स्वयंपाकघरात भाषण म्हणायच्या, श्रोते म्हणून डब्यांची रांग. यजमानांनी शिट्टी वाजवून वेळ मोजून दिली. खुर्ची मिळाली काय नि न मिळाली काय, असं काकू दिवसातून चारदा म्हणत, त्यावरून ती त्यांना किती हवी आहे हे अख्ख्या घराला कळून चुकलं होतं.

मेळाव्याच्या सकाळी सभागृह खच्चून भरलं. लांबच लांब टेबलांवर पांढरं कापड आणि त्यावर बॅगा, प्रत्येकीपुढे तिच्या घराण्याची, सालाची, मालकिणीची चिठ्ठी. मंडळाच्या अध्यक्षीणबाई उंच, शिडशिडीत, आणि शिस्तीला पक्क्या. त्यांनी काकूंना पांढरे सुती हातमोजे दिले. बॅगांना उघडा हात लावायचा नाही, हा मंडळाचा नियम. आयुष्यभर बोटांनी काम केलेल्या बाईला मोजे घालून परीक्षा करायला सांगणं म्हणजे आचाऱ्याला नाक बांधून आमटी चाखायला लावणं. पण पाहुणी म्हणून आलेल्या काकूंनी निमूटपणे मोजे चढवले.

भाषण मात्र झकास झालं. पहिल्या दोन वाक्यांना आवाज कापला, मग त्यांनी माणसांकडे बघणं सोडून बॅगांकडे बघायला सुरुवात केली आणि गाडी रुळावर आली.

"ही झडपेची, साखळीवाली," त्यांनी पहिली बॅग उचलली. "हिच्यावर चौकटींची शिवण आहे बघा. झडप मिटल्यावर वरची चौकट खालच्या चौकटीला बरोब्बर जुळली पाहिजे. नाही जुळली तर कापणाऱ्याने कातडं वाचवलंय, आणि अशी बॅग घेऊन तुम्ही फसलाय. आणि हिला साखळीने खुंटीला टांगू नका. साखळी कातड्याला कापत जाते. आडवी झोपवा, साखळी आत ठेवून."

लोक वह्या काढून लिहायला लागले. तेव्हा काकूंना आणखी जोर चढला. तोंडाला दोरी ओवलेल्या बादलीच्या घाटाबद्दल त्या म्हणाल्या, की ही सगळ्यांत सोशिक, हिच्यात वाट्टेल ते कोंबा, पण घेताना आधी बूड बघा, कारण ओझ्याने बूड लोंबलं की ते पुन्हा वर येत नाही, "आपल्यासारखंच." सभागृह हसलं. चंद्रकोरीच्या घाटाची मऊ बॅग त्यांनी हातावर आडवी घेतली. "हिला कणा नाही. दिसायला लाडिक, पण रिकामी ठेवलीत तर वर्षभरात हिला अशी घडी पडेल की इस्त्रीनेही जायची नाही. आत कागदाचे बोळे भरा. छापील कागद नको, शाई लागते." धातूच्या तोंडाची, डॉक्टर न्यायचे तशी बॅग त्यांनी कानाशी धरून उघडमीट केली आणि सांगितलं, की हिची निवड डोळ्यांनी करूच नका, कानाने करा, मिटताना एकच आवाज आला तर बिजागरी शाबूत आहे.

"मग जमवायला सगळ्यांत चांगली कुठली?" मागून कुणीतरी विचारलं.

"जी घेऊन तुम्ही बाजारात जाल ती. कपाटातल्या बॅगेचं कातडं वाळतं, हातातल्या बॅगेचं जगतं. पण अस्तर बघितल्याशिवाय कुठलीच घेऊ नका. बाहेरून सगळ्यांनाच नटता येतं."

टाळ्या पडल्या. यजमान तिसऱ्या रांगेत ताठ बसले होते, त्यांनी गळ्यातल्या शिट्टीला हात घातला, पण सुनेने तो वेळीच धरला.

मग मुख्य काम. शेवटच्या फेरीत आला होता तो कडक चौकटीचा, वर निमुळता होत जाणारा, एकाच मुठीचा घाट. खाली चार पितळी पाय, त्यावर ती बॅग मुख्याध्यापिकेसारखी सरळ उभी राहते. काळ्या रंगाच्या दोन जुळ्या बॅगा होत्या. एक खुद्द अध्यक्षीणबाईंची. दहा वर्षांपूर्वी जुन्या घरसामानाच्या लिलावात त्यांना मिळालेली, तेव्हापासून काचेत ठेवलेली. दुसरी एका निवृत्त नर्सबाईंची. त्यांनी जिची सेवा केली त्या एका म्हाताऱ्या बाईने मरताना ती त्यांना दिली होती. "मी हिच्यातून कांदेसुद्धा आणलेत," नर्सबाई सगळ्यांना हसत हसत सांगत होत्या, आणि अध्यक्षीणबाईंच्या कपाळावर दर वेळी एक आठी चढत होती.

या घाटात आधी जाते ती मूठ. सगळं वजन तिच्यावर, सगळा घाम तिच्यावर. काकूंनी भिंग लावून दोन्ही मुठी पाहिल्या. नर्सबाईंच्या मुठीवर एका ठिकाणी तीन टाके किंचित जवळ जवळ आले होते, आणि एक जरा सैल होता. अध्यक्षीणबाईंच्या मुठीवर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकही टाका सुईच्या टोकाएवढासुद्धा इकडेतिकडे नव्हता. काकूंनी तीन वेळा मोजलं. एवढ्या मोठ्या घराण्याचा कारागीर तीन टाके चुकवेल हे त्यांच्या मनाला पटेना. चुकलेले टाके म्हणजे कुणा दुरुस्तीवाल्याचे. निर्दोष मूठ म्हणजे घराण्याची. हिशेब सरळ होता, आणि त्यांनी तो सरळ सांगून टाकला. फीत अध्यक्षीणबाईंच्या बॅगेला लागली. नर्सबाईंनीही मनापासून टाळ्या वाजवल्या. अध्यक्षीणबाईंनी काकूंचा हात हातात घेऊन म्हटलं, "खुर्ची तुमचीच, काकू. पुढच्या वर्षीची पत्रिका लवकर छापू." त्या क्षणी काकूंना आपली उंची वीतभर वाढल्यासारखी वाटली.

लोक चहा-बिस्किटांकडे वळले. बॅगा कापडी पिशव्यांत घालायला सूनबाई पुढे झाली, आणि मदतीला म्हणून काकूंनी मोजे काढून ठेवले. नियम वगैरे त्या क्षणी त्यांच्या ध्यानातही आला नाही. फितीची बॅग त्यांनी मुठीला धरून उचलली, जशी कुठलीही बॅग उचलतात.

आणि बोट थांबलं.

मुठीच्या बुडाशी, जिथे शिवण संपते, तिथे कारागीर दोन टाके मागे फिरतो, दोरा कापतो आणि हातोडीने चेपून टाकतो. डोळ्यांना दिसत नाही, पण बोटाला तांदळाच्या कणीएवढा उंचवटा लागतो. जगातल्या सगळ्या उजव्या हातांचा तो उंचवटा मागच्या बाजूला येतो. हा पुढच्या बाजूला होता. काकूंना टाका सुलट झुकवायला शिकवता आलं होतं, पण शेवटचा दोरा ओढताना त्यांचा डावा हात कुणाच्या बापाचं ऐकत नसे.

मग सगळंच आठवलं. लग्नाचं तिसरं वर्ष. सासऱ्यांना कंबरदुखीने उठवत नव्हतं, आणि तुटलेल्या मुठीची एक काळी बॅग टेबलावर पडून होती. जुनी मूठ उसवून तिचे टाके मोजायचे, तशी नवी करायची; त्या घराण्याच्या मुठीवरही दोन-तीन टाके असेच जवळ जवळ आलेले होते. काकूंनी रद्दी कातड्यावर अकरा मुठी केल्या नि फेकल्या, बारावी लावली. सासऱ्यांनी ती पडल्या पडल्या भिंगातून पाहिली, चकार शब्द न काढता परत दिली आणि झालेल्या कामांच्या खुंटीकडे बोट दाखवलं. आपलं काम कसंबसं चालण्याजोगं झालं असावं, असं काकू तेव्हा धरून चालल्या आणि नंतर ते विसरूनही गेल्या.

त्यांना हसू फुटलं. असं, की टेबलाचा आधार घ्यावा लागला.

"आई, काय झालं?" सूनबाई घाबरून म्हणाली.

"अगं, ही मूठ माझी आहे."

"कुठली?"

"हीच. मी लावलेली. आणि मीच आत्ता सगळ्यांसमोर ती घराण्याची म्हणून सांगितली. त्या नर्सबाईंची अस्सल आहे. कारखान्यातला माणूस एखाद्या दिवशी दमला असेल, चुकले तीन टाके, त्यात काय? मला वाटलं, मोठी माणसं चुकतच नाहीत."

 सून हळूच म्हणाली, "आई, हे तुमच्याशिवाय कुणालाच कळणार नाही."

हे खरं होतं. खोटं कशाला सांगा, काकूंनी पुढची दोन-तीन मिनिटं काहीही केलं नाही. खुर्ची डोळ्यांपुढे होती, पत्रिका डोळ्यांपुढे होती, आणि चहाच्या टेबलाशी यजमान कुणाला तरी "माझी बायको" म्हणून छाती फुगवून सांगत होते. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना चारचौघांत मान मिळाला होता, आणि तो टिकवायला फक्त बॅग पिशवीत सरकवायची होती. पलीकडे नर्सबाई आपल्या जुळ्या बॅगेत उरलेली दोन बिस्किटं कागदात गुंडाळून ठेवत होत्या. तिकडे बघितल्यावर काकूंचा पाय उचलला गेला.

त्या तडक माइकपाशी गेल्या. "चहा चालू द्या," त्या म्हणाल्या. "निकाल चुकलाय." मग कणीएवढ्या उंचवट्यापासून ते कंबरदुखीपर्यंत सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. सभागृहात कपबश्यांचा आवाज थांबला. मंडळातली दोन-तीन माणसं पुढे येऊन, मोजे काढून, मुठीच्या बुडाशी बोट फिरवून गेली आणि एकमेकांकडे बघत राहिली. फीत काढली गेली आणि नर्सबाईंच्या बॅगेला बांधली गेली. नर्सबाई आधी नको नको म्हणाल्या, मग रडल्या, मग आतली बिस्किटं चुरली म्हणून हसल्या.

 माणसं पांगल्यावर अध्यक्षीणबाई मंडळाची जाड नोंदवही घेऊन काकूंसमोर बसल्या. दहा वर्षं काचेत जपलेल्या बॅगेची फीत जाणं त्यांना लागलं होतं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

"खुर्चीचं म्हणाल, तर नियम आहे," त्या म्हणाल्या. "ज्यांचा निकाल फिरला ते पुन्हा परीक्षक होत नाहीत. मी मंडळात विचारून बघते."

"नका विचारू, ताई. चुकले ते चुकले."  काकूंनी पांढरे मोजे घडी करून त्यांच्यापुढे सरकवले.

अध्यक्षीणबाईंनी आपल्या बॅगेचं पान काढलं. घराणं, साल, लिलाव, सगळं सुवाच्य अक्षरात. खाली त्यांनी लिहायला घेतलं, "मूठ बदललेली."

"तसं नका लिहू," काकू म्हणाल्या.

"म्हणजे लपवायचं?"

"लपवायचं असतं तर आले कशाला असते तुमच्याकडे? बदललेली म्हणजे कुणीतरी कुठलीतरी आणून लावली. ही मी केली आहे, बारा वेळा करून एक लावली आहे. आणि स्पष्टच सांगते, कारखान्यातल्या मुठीपेक्षा ही चांगली झाली आहे. तुम्ही स्वतः भिंगातून बघा."

हे वाक्य आपल्या तोंडून गेलं यावर काकूंचा स्वतःचाच विश्वास बसेना. यजमान मागे येऊन उभे होते, त्यांनी भिंग उचलून पुढे केलं.

अध्यक्षीणबाईंनी भिंग घेतलं. बराच वेळ त्या मुठीवरून ते फिरवत राहिल्या, पहिल्या टाक्यापासून शेवटच्यापर्यंत. मग त्यांनी "बदललेली" हा शब्द खोडला आणि त्यावर लिहिलं, "मूठ हाताने केलेली." पेन तसंच टेकवून त्यांनी वर पाहिलं.

"कोणी केली, तेही लिहिते. टाकेकाकू म्हणून लिहू?"

"नाही," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. अध्यक्षीणबाईंनी ते लिहिलं, वही त्यांच्याकडे फिरवली, आणि काकूंनी सुनेचा चष्मा मागून घेऊन ते बरोबर लिहिलंय का, हे दोनदा वाचून पाहिलं.